डबा की दाणा

घरी बिअर करायची हौस असलेला माणूस दुकानात शिरला की त्याची पहिली चौकशी ठरलेली असायची: तयार किट घेऊ, की सगळं सुटं सुटं घेऊन स्वतः शिजवू? इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, बर्टन अपॉन ट्रेंटपासून फार लांब नसलेल्या एका गावात, घरगुती बिअर आणि वाइनचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काम केलं. आमच्या घरी या प्रश्नाला ‘डबा की दाणा’ असंच नाव पडलं होतं. त्याचं उत्तर द्यायला मी दुकानाच्या मालकांकडून शिकले, गिऱ्हाइकांकडून शिकले आणि बरंचसं स्वतःच्या स्वयंपाकघरात करून शिकले.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, माळकरी. दारू घरात येण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतर इंग्लंडला आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर नोकरी शोधू लागले आणि हाताशी आली ती ही. घ्यावी की नाही, याचा बराच विचार केला. पदरी रसायनशास्त्राची पदवी होती आणि आंबण्याच्या क्रियेबद्दल मनापासून कुतूहल होतं, म्हणून रुजू झाले. काही महिन्यांतच कळलं की इथे येणारी बहुतेक माणसं पिण्यासाठी आसुसलेली नसतात. त्यांना स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं असतं आणि चार मित्रांपुढे ठेवून ‘घरी केलंय’ म्हणायचं असतं.

हे सगळं तिथे कायदेशीर आहे, पण पूर्वी तसं नव्हतं. १८८० च्या कायद्यानं घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. स्वतःसाठी हवी तेवढी करा, विकायची मात्र नाही, असा नियम झाला. मग पुढच्या वीसेक वर्षांत घरोघरी बादल्या आणि काचेचे बुधले आले. बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही बिअरची किटं मिळत. आमचे मालक त्या काळातले. १९७४ साली निघालेलं डेव्ह लाइन यांचं ‘द बिग बुक ऑफ ब्रुइंग’ त्यांनी इतकं वापरलं होतं की त्याची पानं सुटून आली होती. किटांनी बाजार भरलेला असताना या पुस्तकानं दाण्यापासून बिअर करण्याची वाट सामान्य माणसाला दाखवली, असं ते नेहमी सांगत.

आधी डब्यात काय असतं ते सांगते. नेहमीच्या किटचा डबा १.७ किलोचा. त्यात सातूच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्याचा, आटवलेला अर्क असतो, काकवीसारखा दाट आणि तांबूस काळा. हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली यीस्टची पाच-सात ग्रॅमची पुडी चिकटवलेली असते. डबा पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवायचा म्हणजे अर्क सैल होतो. तो निर्जंतुक केलेल्या बादलीत ओतायचा, तळाला राहिलेला गरम पाण्यानं विसळून घ्यायचा, किलोभर साखर घालायची, ढवळायचं, गार पाण्यानं २३ लिटरपर्यंत भरायचं आणि यीस्ट भुरभुरायचं. सगळं मिळून तासाभराचं काम.

दाण्याच्या वाटेनं जायचं तर सबंध दिवस मोकळा लागतो. २३ लिटर साध्या इंग्लिश बिटरसाठी चार-साडेचार किलो भरडलेलं माल्ट लागतं. बहुतेक जण मॅरिस ऑटर घेतात. केंब्रिजच्या संशोधकांनी साठच्या दशकात तयार केलेलं हे सातूचं वाण आहे आणि आजही जुन्या चवीचे लोक त्यालाच धरून आहेत. सोबत पाव किलो क्रिस्टल माल्ट, म्हणजे रंग येतो आणि थोडा कॅरॅमलचा गोडवा येतो. ही भरड ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायची. दाण्याला मोड आणताना त्यात जी एन्झाइम्स तयार झालेली असतात ती या उष्णतेला पिठूळ भागाची साखर करतात. दोन-तीन अंश खाली ठेवलं तर बिअर पातळ आणि कोरडी होते, वर ठेवलं तर अंगानं भरीव. मग गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर खळखळ उकळायचं, सुरुवातीला फगल हॉप्स कडवटपणासाठी आणि शेवटच्या दहा मिनिटांत ईस्ट केंट गोल्डिंग्ज वासासाठी घालायचे. नंतर तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून ते पटकन निववायचं. पहाटेच्या चहानंतर सुरू केलं तर भांडी घासून होईतो दुपार कलते आणि सात-आठ किलो ओला चोथा शिल्लक राहतो तो वेगळाच. आमच्याकडचा चोथा शेजारच्या कोंबड्या खात.

दिवसभर घर माल्टच्या गोडसर वासानं भरलेलं असतं. गरम पाण्यात भरड पडल्यावर पहिली दहा मिनिटं ते पाणी दुधट, पिठाळ दिसतं. चमचाभर चाखलं तर पेजेची चव. अर्ध्या तासानं तेच पाणी निवळायला लागतं आणि जिभेवर स्पष्ट गोड लागतं. त्यात बाहेरून काहीही घातलेलं नसतं. ही गोडी दाण्याच्या आत होती आणि ठरावीक उष्णतेनं बाहेर आली. रसायनशास्त्र मी पुस्तकात शिकले होते, पण एन्झाइम म्हणजे काय हे मला त्या चमच्यात कळलं. दाण्याच्या वाटेची खरी मिळकत हीच आहे, असं मी आजही म्हणते.

मग सगळ्यांनी दाण्याच्याच मागे लागावं का? काउंटरवर उभं राहून मी जे पाहिलं त्यानं माझं मत वेगळं झालं.

आमच्याकडे एक निवृत्त खाणकामगार यायचे. हयातभर कोळशाच्या खाणीत काढलेली, बोलणं मोजकं. वर्षानुवर्षं त्यांनी एकच किट घेतलं. साखरेऐवजी किलोभर सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पुडीतल्या यीस्टऐवजी वेगळं चांगलं यीस्ट, एवढाच त्यांचा बदल. दर शरदात ते एक बाटली काउंटरवर ठेवून जायचे. ती बिअर लख्ख, कडवटपणा नेटका, मागे कसलीही तिरकी चव नाही. नव्या लोकांना मी ती चाखायला दिली तर ‘किती तास शिजवलं?’ म्हणून विचारायचे. त्या माणसाच्या घराखाली दगडी तळघर होतं आणि तिथलं तापमान बारा महिने अठरा अंशांच्या आसपास राहायचं. बाटल्या भरल्यावर दोन महिने तो माणूस त्यांना हात लावत नसे. त्याच्या बिअरचं गुपित तळघरात आणि धीरात होतं.

दुसऱ्या टोकाला एक तरुण इंजिनीअर. अभ्यास करून आलेला, पाण्यातल्या क्षारांपासून सगळं पाठ. पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यात महागडं विजेवर चालणारं यंत्र हवं होतं. घरात दोन लहान मुलं होती. आमच्या मालकांनी त्याला आधी एक डबा घेऊन जा म्हणून परोपरीनं सांगितलं, पण त्यानं यंत्रच नेलं. पुढच्या उन्हाळ्यात ते विकायची चिठ्ठी आमच्याच फलकावर लावायला आला. पहिली बिअर चांगली झाली होती, असं त्यानं सांगितलं, पण सबंध रविवार त्यात जायचा आणि घरी ते परवडण्यासारखं नव्हतं. त्याच्या हातात कसब होतं, पण वेळ नव्हता.

या दोघांनंतर मी गिऱ्हाइकाला आधी दोन गोष्टी विचारायला लागले. बादली घरात नेमकी कुठे ठेवणार? आणि महिन्यातून मोकळा दिवस किती वेळा मिळतो? पैशांची गोष्ट नंतर. साहित्यापुरतं बोलायचं तर दाणा स्वस्त पडतो, २५ किलोची गोणी घेतली तर आणखीच. पण भांडी, निववण्याचं वेटोळं, गिरणी हे सगळं जोडता जोडता ती बचत बराच काळ लांबते. केवळ पैसे वाचवायला कुणी दाण्याकडे वळू नये.

बादली कुठे ठेवणार, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बिअर तुम्ही करत नाही, यीस्ट करतं. तुम्ही फक्त गोड पाणी तयार करून त्याच्या स्वाधीन करता. बिटरसारख्या एल बिअरचं यीस्ट १८ ते २० अंशांना शांतपणे काम करतं. तापमान पंचवीस अंशांच्या पुढे गेलं की केळ्यासारखे फळकट वास येतात आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार होतात. काही किटांच्या कागदावर मात्र सत्तावीस अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं असतं, कारण लवकर आंबलं की गिऱ्हाईक खूश. उन्हाळ्यात बिघडलेली बिअर घेऊन लोक यायचे आणि ‘किट म्हटल्यावर अशीच होणार’ म्हणायचे. बादली कुठे होती विचारलं तर उत्तर असायचं, काचेच्या सनरूममध्ये. त्यांना मी पाण्याचं मोठं टोपलं, ओला टॉवेल आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या हा बिनपैशांचा उपाय सांगायचे. पुढची बिअर त्याच डब्याची आणि चांगली.

डब्यावरची तारीख ही दुसरी गोष्ट. माल्टचा दाट अर्क जुना झाला की काळवंडतो आणि त्याला एक शिळा, शाईसारखा वास लागतो. लोक त्यालाच ‘किटची चव’ समजतात. मालक जुने डबे सवलतीतही विकू देत नसत. साखरेचंही तसंच आहे. किलोभर साध्या साखरेनं अल्कोहोल वाढतं, पण अंग येत नाही. तिच्या जागी माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं तर तोच डबा ओळखू येत नाही.

दुकानात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळीत एकदा ‘डबा की दाणा’ यावर फार वाद रंगला, तेव्हा आम्ही सगळ्यांना न सांगता दोन्ही तऱ्हेची बिटर चाखायला ठेवली. डब्याची होती ती ताजी, माल्ट घातलेली, अठरा अंशांना आंबवलेली. दाण्याची होती ती त्याच यीस्टची, त्याच कपाटात आंबवलेली. ज्यांची दाण्यावर अढळ निष्ठा होती त्यांच्यातल्या कित्येकांनी डब्याची बिअर दाण्याची म्हणून निवडली. हॉप्सचा ताजा वास मात्र दाण्याच्या बिअरमध्येच होता आणि त्याबद्दल कुणाचं दुमत झालं नाही. अर्कात हॉप्सची कडू चव टिकते, पण तो हलका, फुलांसारखा वास आटवताना उडून जातो. डब्याची मर्यादा कुठे आहे ते त्या संध्याकाळी सगळ्यांना नेमकं दिसलं.

पाण्याचा मुद्दाही असाच. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्सममुळे प्रसिद्ध आहे. लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांनी हिंदुस्थानात येत असे. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपनं तशीच फिकट, कडवट बिअर काढली आणि त्या पाण्यामुळे तिचा कडवटपणा इतका स्वच्छ उतरला की हा सगळा व्यापार हळूहळू बर्टनकडे गेला. इंडिया पेल एल ती हीच. आजही दूरदूरचे ब्रुअर आपल्या पाण्यात जिप्सम घालून बर्टनची नक्कल करतात. पण हा खटाटोप दाण्यासाठी. डब्यातला अर्क तयार करताना कारखान्याच्या पाण्यातले क्षार त्यात उतरलेलेच असतात. तिथे आणखी क्षार घालायची गरज नसते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र दोन्ही वाटांवर काढावंच लागतं, नाहीतर बिअरला दवाखान्यातल्या औषधाचा वास येतो. २३ लिटरला कॅम्पडेनची अर्धी गोळी पुरते. ही पैशाची गोष्ट डझनावारी लोकांच्या बिअरचा दोष घालवून गेली.

काहींना मात्र डबा चालतच नाही. एक मध्यमवयीन बाई नवऱ्यासाठी आल्या होत्या. त्याला सीलिएक रोग, सातू-गहू वर्ज्य. सातूच्या अर्काचं कुठलंही नेहमीचं किट त्याच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांना ज्वारीचा पाक आणि सुटं साहित्यच घ्यावं लागलं. मला तेव्हा नाचणी आठवली. आमच्याकडे तान्ह्या मुलांना देतात ते नाचणी सत्त्व मोड आणून, वाळवून, दळूनच करतात आणि माल्ट म्हणजेही तेच. लेस्टरहून नाचणी आणून मी घरी मोड आणले, उन्हाला वाळवली, मंद भाजली, आणि आम्ही दोघींनी मिळून एक छोटा घाणा केला. नाचणीचं पीठ ६६ अंशांना नीट फुलत नाही, त्याला अधिक उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेला एन्झाइम्स मरतात. म्हणून थोडी भरड आधी शिजवून, निववून, मग उरलेल्या माल्टमध्ये मिसळली. तयार झाली ती बिअर हलकी आणि किंचित आंबूस होती. त्या गृहस्थानं कित्येक वर्षांनी घरी केलेली बिअर चाखली आणि पुढच्या खेपेला ते स्वतः दुकानात आले. सुटं साहित्य घेण्याचं यापेक्षा चांगलं कारण मी पाहिलेलं नाही.

डबा आणि दाणा यांच्या मधलीही एक वाट आहे आणि ती मला एका परिचारिकेनं दाखवली. रात्रपाळी करणारी, सुट्ट्या विस्कळीत. आधी तिनं साधी किटं केली. मग पाव किलो क्रिस्टल माल्ट कापडाच्या पुरचुंडीत अर्धा तास गरम पाण्यात भिजवून ते पाणी डब्यात घालायला लागली. नंतर बिनहॉप्सचा अर्क घेऊन हॉप्स स्वतः उकळू लागली. शेवटी एक मोठं पातेलं आणि जाळीदार पिशवी घेतली. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केलेली ही रीत. सगळी भरड पिशवीत, पिशवी पातेल्यात, तासाभरानं उचलून निथळली की झालं. ती २३ लिटरच्या भानगडीत पडलीच नाही. किलोभर माल्ट, साडेचार लिटर बिअर, घरच्याच गॅसवर. प्रत्येक पायरीवर तिनं एकच गोष्ट बदलली, म्हणून चव कशानं बदलली हे तिला नेहमी सांगता यायचं. आमच्या दुकानात याहून शिस्तीनं शिकलेलं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

घनता मोजणारा हायड्रोमीटर विकत घ्यायला लोक कुरकुर करायचे. पण फसफस थांबली म्हणजे आंबणं संपलं असं नसतं. सुरुवातीला १.०४० असलेलं वाचन १.०१० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिलं पाहिजे. मग अर्ध्या लिटरच्या बाटलीला अर्धा चमचा साखर घालून बूच मारायचं. घाई केली तर बाटल्या फुटतात आणि काचेचे तुकडे डोळ्यात गेलेली माणसं असतात. दोन वाचनांतल्या फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. या उदाहरणात ती चारच्या किंचित खाली येते.

पुण्यात मायक्रोब्रुअरी आल्यापासून तिकडचे भाचे-पुतणे मला फोनवर या सगळ्याबद्दल विचारतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. चाखायची असेल तर परवाना घेऊन करणाऱ्यांची चाखा. करून पाहायची ती जिथे कायदा मोकळीक देतो तिथेच.

ज्यांना ती मोकळीक आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला. सुरुवात डब्यापासून करा. तारीख बघून घ्या, साखरेऐवजी माल्ट घाला, यीस्ट चांगलं घ्या, आणि पहिला जादा खर्च करायचाच असेल तर तो तापमान स्थिर ठेवण्यावर करा. दोन-तीन खेपा स्वच्छ झाल्या की साडेचार लिटरचा दाण्याचा घाणा एकदा घरच्या पातेल्यात करा. तो दिवस तुम्हाला आवडला तर दाण्याकडे वळा, दमणूक वाटली तर डब्याकडे परत या आणि त्यात कमीपणा मानू नका. ज्याला आंबवता येतं त्याची डब्याची बिअरही चांगली होते. आंबवता येत नसेल तर मॅरिस ऑटरची सबंध गोणी आणली तरी ती वाया जाते.